अठराव्या वर्षानंतरचे पालकत्व आणि स्वावलंबन: काही गैरसमज

दिव्यांग मूल अठरा वर्षांचे झाले तरी आईवडीलच त्याचे कायदेशीर पालक राहतात, हा सुशिक्षित घरांतही आढळणारा समज चुकीचा आहे. स्वमग्नता असो वा बौद्धिक दिव्यांगत्व, अठराव्या वर्षी ती व्यक्ती सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यानंतर पालकाची गरज असल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी जिल्हास्तरीय समिती पालक नेमते. उदाहरणार्थ, पुण्याजवळच्या हिंजवडीतील कुटुंबाला त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र ‘मर्यादित पालकत्व’ आणले, म्हणजे विशिष्ट निर्णयापुरती आणि ठरावीक मुदतीची अशी व्यवस्था, जिच्यात पालक आणि ती व्यक्ती परस्परांशी बोलून, एकमताने निर्णय घेतात.

ज्याच्याशी असे बोलायचे, त्याला निवड करण्याची सवयच नसेल तर ही तरतूद कागदावर राहते, आणि म्हणून ‘आधी दहावी, मग स्वावलंबन’ हा घरोघरचा क्रम उलटा आहे. राज्य मंडळ लेखनिक, जादा वेळ अशा सवलती देते आणि त्या घ्याव्यातच. परंतु औषधांच्या वेळा पाळणे, ओटीपी कोणालाही न सांगणे किंवा वाकडहून बसने हिंजवडीच्या आयटी पार्कात एकट्याने जाणे गुणपत्रिकेत उतरत नाही. बसप्रवास चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून, आधी शेजारी बसून, नंतर दोन आसने मागे बसून आणि अखेरीस उतरण्याच्या थांब्यावर वाट पाहत शिकवता येतो. स्वावलंबन म्हणजे सारे एकट्याने करणे नव्हे: कपडे घालायला मदतनीस लागणारी, पण कोणते घालायचे ते स्वतः ठरवणारी मुलगी त्या बाबतीत स्वावलंबीच होय.

आयटी पार्कात केवळ अभियंत्यांनाच काम मिळते, हाही समजच. तेथे उपाहारगृहे आहेत, हॉटेले आहेत. हिंजवडीतही हॉटेल असलेल्या लेमन ट्री साखळीने 2007 पासून कर्णबधिरांना आणि पुढे डाउन सिंड्रोम असलेल्यांनाही नोकऱ्या दिल्या. सरकारी नोकऱ्यांतील किमान 4 टक्के आरक्षण खासगी कंपन्यांना बंधनकारक नसले, तरी समान संधीचे धोरण जाहीर करणे त्यांच्यावरही बंधनकारक आहे, आणि अर्ज करण्यापूर्वी ते मागून पाहण्याची तसदी फारच थोडे पालक घेतात.

सर्वांनाच खुल्या बाजारात नोकरी जमेल असे नाही, पण म्हणून घरात बसणे हाच पर्याय उरत नाही. हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात येते, त्याच तालुक्यात कोळवण येथे साधना व्हिलेज ही संस्था 1994 पासून बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी निवासी समूह चालवते, जेथे रहिवासी एकत्र राहून आपापल्या कुवतीनुसार कामात सहभागी होतात.