पासवर्ड चोरीला जाऊ नये म्हणून : डेटाबेसच्या सुरक्षेचे दोन पदर

पापनाशम (तंजावर, तमिळनाडू) : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील पापनाशमसारख्या भातशेतीच्या तालुक्यात शेतकऱ्याला मिळणारे अनुदान आज संगणकीय नोंदीवर अवलंबून असते. ती नोंद करण्याचा अधिकार ज्या पासवर्डने मिळतो तो परक्या हाती पडल्यास काय घडते, हे तमिळनाडूने 2020 मध्ये अनुभवले.

पीएम-किसान योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. कल्लकुरिची, विल्लुपुरम, कडलूर आदी जिल्ह्यांत अपात्र व्यक्तींची नावे या योजनेच्या यादीत घुसविण्यात आल्याचे ऑगस्ट 2020 मध्ये उघड झाले. कृषी विभागातील अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून दलालांनी या नोंदी केल्या होत्या. राज्य शासनाने त्या वेळी गैरव्यवहाराची रक्कम सुमारे 110 कोटी रुपये आणि अपात्र लाभार्थ्यांची संख्या साडेपाच लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले. प्रकरणाचा तपास सीबी-सीआयडीकडे देण्यात आला.

पासवर्डच्या सुरक्षेचे दोन वेगळे प्रश्न आहेत. पासवर्ड जाळ्यातून जाताना किंवा सर्व्हरवर साठविलेला असताना चोरीला जाऊ नये, हा पहिला. पासवर्ड सांगणारी व्यक्ती खरोखर तीच आहे काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावरील उत्तराचे उदाहरण म्हणून पोस्टग्रेस या मुक्त स्रोत डेटाबेसकडे पाहता येते. त्यात दीर्घकाळ एमडी5 ही पद्धत प्रचलित होती. तीत पासवर्ड आणि वापरकर्त्याचे नाव यांच्यापासून तयार केलेला सांकेतिक ठसा साठविला जाई. मात्र हा ठसाच चोराच्या हाती लागला, तर मूळ पासवर्ड न कळताही त्याला प्रवेश मिळविता येई. शिवाय एमडी5 ची गणना अतिशय वेगवान असल्याने अंदाज बांधून पासवर्ड शोधणेही सोपे होते.

ऑक्टोबर 2017 मधील दहाव्या आवृत्तीत 'स्क्रॅम' ही पद्धत आली आणि 2021 मधील चौदाव्या आवृत्तीपासून ती मूळ निवड ठरली. या पद्धतीत प्रत्येक पासवर्डला स्वतंत्र यादृच्छिक अक्षरसमूह जोडून तीच गणना हजारो वेळा केली जाते. पोस्टग्रेसमध्ये हा आकडा मुळात 4,096 आहे. त्यामुळे प्रत्येक अंदाज तपासण्याचा खर्च चोरासाठी वाढतो. प्रवेशाच्या वेळी सर्व्हर दर खेपेस नवे आव्हान देतो आणि वापरकर्त्याचा संगणक पासवर्ड न पाठविता तो आपल्याला ठाऊक असल्याचा पुरावा देतो. सर्व्हरलाही आपली ओळख उलट सिद्ध करावी लागते.

हा बदल एका आज्ञेने पूर्ण होत नाही. जुन्या ठशातून मूळ पासवर्ड काढता येत नसल्याने प्रत्येकाला पासवर्ड नव्याने नोंदवावा लागतो. तत्पूर्वी डेटाबेसशी जोडलेले सर्व कार्यक्रम नवी पद्धत ओळखतात काय, हे तपासावे लागते. अन्यथा जुन्या संगणकांवरील कामकाज ठप्प होऊ शकते. पोस्टग्रेस काही काळ दोन्ही प्रकारचे पासवर्ड स्वीकारू शकत असल्याने हे संक्रमण टप्प्याटप्प्याने करता येते.

तथापि, अधिकाऱ्याचा खरा पासवर्ड दलालाला ठाऊक असेल, तर सर्वांत भक्कम पद्धतही त्याला अधिकारी समजूनच आत घेईल. दुसऱ्या प्रश्नाला मोबाइलवरील एकवेळचा संकेतांक किंवा बोटांचा ठसा, प्रत्येकास स्वतंत्र खाते, मर्यादित अधिकार आणि कोणी, केव्हा, किती नोंदी केल्या याची नियमित तपासणी ही उत्तरे आहेत. एका खात्यावरून अवेळी शेकडो नोंदी झाल्यास तत्काळ इशारा देणारी व्यवस्था पैसे खात्यात जाण्यापूर्वीच गैरप्रकार रोखू शकते.

महाराष्ट्रातही हा विषय दूरचा नाही. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेतून वर्षाला आणखी 6,000 रुपये दिले जातात आणि त्यासाठी पीएम-किसानच्या लाभार्थ्यांचाच आधार घेतला जातो. त्यामुळे एका चुकीच्या नोंदीचा भार दोन तिजोऱ्यांवर पडू शकतो.