सिद्धेवाडीच्या तलावावर

एप्रिलची सकाळ. सावळजकडच्या वाऱ्याबरोबर बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी नाकात शिरते आहे. अग्रणी अडवून केलेल्या या तलावाचं पाणी उन्हाळ्यानं खाली सरकलंय आणि काठालगत, गुडघाभर पाण्यात, ताटाएवढे गोल खड्डे स्पष्ट दिसताहेत. प्रत्येक खड्ड्यावर एकेक काळा नर. गळ्याखाली पांढरा, शेपटीची कड लाल. चिलापी.

आबा कळकाची काठी धरून उकिडवे बसलेत. तंगूस, जोंधळ्याच्या ताटाचं भेंड, गळाला गांडूळ. भेंड हलत नाही, आबाही हलत नाहीत.

मिशिगनहून सुट्टीवर आलेला माझा धाकटा भाऊ पाण्यात उतरलाय. त्याच्या गळाला आमिषच नाही. काळ्या लोकरीचा, रबरी पायांचा कोळी बांधलाय, फुंकरीनं उडेल इतका हलका. असला गळ लांब जायचा कसा? तर इथं भार दोरीलाच असतो. ती जाड पिवळी दोरी तो मागं हवेत सोडतो, पुरती उलगडेपर्यंत थांबतो आणि मग पुढं झोकतो. ते मधलं थांबणं बघत राहावंसं वाटतं. कोळी पाण्याला टेकतो, भिजतो, हळूहळू खड्ड्यात उतरतो.

नर झडप घालतो. भुकेपोटी नव्हे, घरात शिरलेल्याला हाकलायला.

काठी वाकते. वीतभर मासा गोल गोल फिरत काठाशी येतो. भाऊ आधी हात ओले करतो, गळ सोडवतो आणि मासा परत सोडायला वाकतो. तिकडं मिशिगनला ब्लूगिल माशाचा नर असाच खड्डा करून त्यातली अंडी राखतो. तो उचलला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात.

“सोडतो, आबा. ह्याची अंडी असतील खड्ड्यात.”

“न्हाईत.” आबांची नजर भेंडावरच. “चिलापीची अंडी खड्ड्यात ऱ्हात न्हाईत. आई तोंडात घिऊन जाती. तिला सोडायचं. ह्येला ठेव.”

हा मासा मूळचा आफ्रिकेचा, 1952 साली श्रीलंकेतून भारतात आणलेला. मी हे पुस्तकात वाचलंय. तोंडातल्या अंड्यांचं मात्र आबांना पाण्यानंच शिकवलंय.

“हिकडं या. सावली पाडू नका.”

बुडालेल्या बाभळीच्या खोडाशी एक करडी मादी थांबलीय. तिच्या तोंडापुढं तिळाएवढ्या पिल्लांचा धुरकट पुंजका हलतोय. भाऊ बघायला पुढं वाकतो आणि सावली पडतेच. पुंजका आक्रसतो, पिल्लं तिच्या तोंडाकडं झेपावतात, एकमेकांना ढकलत आत शिरतात. शेवटची दोनतीन बाहेर घुटमळतात. ती थांबते. तीही पिल्लं आत गेल्यावर तोंड मिटते आणि खोडाखालच्या अंधारात सरकते.

भाऊ पिवळी दोरी गुंडाळायला लागतो.

“आरं, थांब की,” आबा हळू आवाजात म्हणतात. “आत्ता परत सोडंल बघ ती त्यास्नी.”

आम्ही तिघंही खाली बसतो.