बाडेनचें हिरवें तिकीट

टपालाच्या तिकिटांचा संग्रह हा पोरखेळ होय, असें जुन्या कागदपत्रांच्या पुष्कळ अभ्यासकांस वाटतें. आमचीही समजूत कांहीं काळ तशीच होती. परंतु जर्मन तिकिटांत शिरोमणि मानल्या गेलेल्या एका तिकिटाची हकीकत दप्तरें चाळणारांसही बोधप्रद वाटल्यावरून ती येथें देत आहों.

बाडेन हें नैर्ऋत्य जर्मनींतील एक संस्थान. तेथें ता. १ मे १८५१ रोजीं १, ३, ६ व ९ क्रॉयत्सर किंमतीचीं पहिलीं तिकिटें निघालीं. मध्यें किंमतीचा आकडा, वर राज्याचें नांव, आणि दोन्ही बाजूंस जर्मन-ऑस्ट्रियन टपालसंघ व त्याचा ६ एप्रिल १८५० चा तह यांचा उल्लेख, अशी त्यांची मांडणी आहे. शाई सर्वांची काळी. भेद कायतो कागदाच्या रंगाचा. नवाचा कागद गुलाबी, सहाचा निळसर हिरवा. छापतांना नवाचा ठसा सहाच्या हिरव्या कागदावर उठला. दोन आकड्यांच्या साम्यानें हा घोटाळा झाला असावा, असा तर्क आहे. बाळबोध ६ व ९ यांविषयीं नकलकारांची होणारी फसगत वाचकांस परिचित आहेच.

ही चूक चाळीसहून अधिक वर्षें कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. आज अशीं चारच तिकिटें ज्ञात आहेत. पैकीं एक कोरें, दोन मूळ पत्रांवर व एक पत्राच्या तुकड्यावर आहे. १९८५ मध्यें जॉन बोकर यांच्या संग्रहाच्या लिलावांत या तिकिटास २३ लक्ष मार्कांची, व २०२१ मध्यें एरिव्हान हाउब यांच्या संग्रहाच्या लिलावांत १२ लक्ष ६० हजार युरोंची बोली आली.

तथापि आमच्या मतें खरा विषय किंमतीचा नसून पुराव्याचा आहे. कागदाचा रंग कृत्रिम उपायांनीं पालटतां येतो. तेव्हां नुसत्या हिरव्या तिकिटावर भरंवसा कसा ठेवावा? बाडेनमध्यें तिकिटावर वर्तुळांच्या आंत केवळ टपालकचेरीचा क्रमांक उठवीत; गांवाचें नांव व तारीख यांचा शिक्का पत्रावर निराळा असे. म्हणजे तिकीट सोडवून घेतलें कीं तारीख गेली, पत्ता गेला, आणि तें कोणत्या पत्राचें हेंही गेलें. उरतो तो एक आकडा. उलट पत्र अखंड असेल तर क्रमांक, गांव, तारीख, पत्ता व हस्ताक्षर हे पांच साक्षीदार एकमेकांस ताडून पाहतां येतात.

जुन्या कागदावरील मोर्तब कापून वहींत चिकटविणारानें हें ध्यानांत ठेवावें. मुद्रेची शोभा त्याच्या हातीं राहते. पण ती मुद्रा कोणत्या मजकुराखालीं उठली होती, हें मग कोणासही सांगतां येत नाहीं. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, कागद जसा सांपडला तसाच राखावा.