पाचगणीचा पियानोवाला

दोस्तांनो, थंडीत मंडईतल्या फळांच्या गाळ्यांवर पाचगणी-महाबळेश्वरची लालचुटुक स्ट्रॉबेरी दिसली, की तोंडाला पाणी सुटतं ना? पण याच पाचगणीत एक जगप्रसिद्ध रॉक संगीतकारही घडला, हे ठाऊक आहे का तुम्हाला? त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक, गीतकार आणि पियानोवादक!

त्याचं मूळ नाव फारोख बुलसारा. आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी घरात ५ सप्टेंबर १९४६ रोजी तो जन्मला. आठ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. विचार करा, एवढंसं पोर इथे आणि आईबाबा पार समुद्रापलीकडे! त्यात वरचे दात पुढे आलेले, म्हणून मुलं चिडवायची ती वेगळीच.

पण शाळेत पियानो होता. फारोख तो रीतसर शिकला. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा. मग पाच मित्रांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यातला मुख्य गायक दुसराच होता. आपला फारोख पियानोवर!

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेलं. तिथे फारोखनं चित्रकलेचं शिक्षण घेतलं. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’ सुरू झाला. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं.

१९७५ साली त्यानं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचलं. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं! “एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कोण लावणार?” असं म्हणत जाणकारांनी नाकं मुरडली. पण बँडनं गाणं कापू दिलं नाही. पुढे काय झालं? ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं!

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या स्मरणार्थ उभी राहिलेली संस्था आजही या रोगाशी लढते आहे.

आणि ते दात? पैसा आला तरी त्यानं ते सरळ करून घेतले नाहीत. आवाज बदलेल, अशी त्याला धास्ती होती! तेव्हा दोस्तांनो, वर्गात कुणाला दिसण्यावरून चिडवण्याआधी जरा थांबा. त्याला आधी विचारा, “तुला काय वाजवता येतं रे?”