मिसूरीची गोधडी

माणूस जातो, त्याचे कपडे मात्र मागे राहतात. खुंटीवर टांगलेला सदरा, दोरीवर घडी करून ठेवलेले धोतर, बाहीवर रफू केलेला जुना कोट, या वस्तू घरातल्या माणसांच्या दृष्टीस पडल्या की त्यांना गहिवरून येते. या कपड्यांचे करावे तरी काय? कोणी ते गरजूला देतात, कोणी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवतात. परंतु काही ठिकाणी या कपड्यांची गोधडी शिवण्याची चाल आहे. अशाच एका गोधडीची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात त्याच नावाची नदी एके ठिकाणी मोठे वळण घेते. या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले जीज बेंड नावाचे खेडे आहे. येथील लोक आफ्रिकी वंशाचे आहेत. त्यांच्या पूर्वजांना या भूमीवर गुलाम म्हणून आणले गेले आणि कापसाच्या मळ्यात राबवले गेले. पेटवे नावाच्या मळेवाल्याचे आडनाव त्याच्या गुलामांना लागले. गावातील अनेक घरांचे आडनाव आजही पेटवे आहे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तरी जमीन मात्र दुसऱ्याचीच राहिली. लोक कुळे म्हणून ती कसत आणि कर्जात बुडत. १९३२ साली थकलेल्या कर्जापायी त्यांची जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्यदेखील ओढून नेण्यात आले.

गावातील घरे लाकडी असत. फळ्यांच्या फटींतून वारा आत येई. तो अडवण्यासाठी भिंतींना जुनी वर्तमानपत्रे चिकटवीत. थंडीच्या रात्री मुलाबाळांना ऊब द्यावयाची, तर गोधड्यांवाचून गत्यंतर नव्हते. आणि नवे कापड विकत घेण्याची तर ऐपतच नव्हती. म्हणून तेथील स्त्रिया फाटके कपडे आणि पिठाची व खताची रिकामी पोती यांतूनच गोधड्या शिवीत.

याच गावात मिसूरी पेटवे नावाची एक स्त्री राहत होती. तिचा पती नॅथॅनिएल सुमारे आठ महिने आजारी होता आणि त्या आजारातच त्याचा अंत झाला. तेव्हा मिसूरीने ठरवले, की पतीच्या शेतात घालावयाच्या कपड्यांची एक गोधडी करावयाची. तिच्यामुळे त्याची आठवण राहील आणि त्याच्या मायेच्या पांघरुणाखाली निजता येईल, एवढीच तिची इच्छा होती. १९४२ साली तिने ही गोधडी शिवली. त्या वेळी सतरा-अठरा वर्षांची असलेली तिची मुलगी आर्लोन्झिया हिने तिला हात दिला. पुढे ही आठवण तिनेच लोकांना सांगितली.

नॅथॅनिएलचे जेवढे कपडे होते, तेवढे सगळे जमा केले, तेव्हा ते एका गोधडीपुरते भरले. एका कष्टकरी माणसाचा सारा पोशाख एवढाच होता! मायलेकींनी प्रथम ते कपडे उसवले आणि फाडले. विजारीचा पाय खाली अरुंद आणि वर रुंद असतो. तसाच जोडला तर शिवण वाकडी जाते आणि पांघरूण एका बाजूला ओढले जाते. म्हणून वरचा जादा भाग कापून सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढाव्या लागल्या. सदऱ्याचा खालचा घेर विजारीत खोचलेला असतो. त्याला ऊन लागत नाही आणि तो फारसा झिजतही नाही. म्हणून तो भागही कामास आला. या पट्ट्या आणि चौकोन जुळवून सुमारे साडेसात फूट लांबीची गोधडी तयार झाली.

अशा गोधडीत कापडाचे रंग पाहण्यासारखे असतात. शेतकऱ्याच्या जाड निळ्या विजारीचा रंग उन्हाने आणि धुण्याने फिकट होत जातो. पण जेथे खिसा शिवलेला असतो, तेथे खिशाखालचे कापड झाकलेले राहते. खिसा उसवला, की त्याच आकाराचा गडद निळा चौकोन दिसू लागतो. गुडघ्यावरचे ठिगळ काढले, तरी तसेच होते. माणूस कोठे वाकला, कोठे टेकला, कोणत्या खिशात हात घालून उभा राहिला, हे त्याच्या कपड्यांवर लिहिले जाते. नवे कापड कितीही सुंदर असले, तरी त्यावर हा लेख नसतो.

गोधडीला तीन थर असतात. वरचा थर जुळवलेल्या तुकड्यांचा, खालचा अस्तराचा आणि मधला भरणाचा. जीज बेंडमधील स्त्रिया भरणासाठी उरलासुरला कापूस गोळा करीत आणि तो काठीने झोडपून मोकळा करीत. वरचे तुकडे बहुधा एकेकीने आपापल्या घरी जुळवावयाचे आणि मग तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून, चारचौघींनी भोवती बसून धावदोरा घालावयाचा, अशी तेथील रीत होती. हा धावदोरा केवळ शोभेचा नसतो. तो नसेल, तर आतला कापूस सरकून एका कोपऱ्यात गोळा होतो. टाक्यांमुळे कापूस जागच्या जागी राहतो आणि त्यात हवा कोंडून राहते. ही स्थिर हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गोधडी उबदार असते.

या गावाच्या वाट्याला पुढेही पुष्कळ हाल आले. १९६२ साली, लोक मतदानाचा हक्क मागू लागले असता, तालुक्याच्या गावी जाणारी नदीवरील तर बंद पडली. ती पुन्हा सुरू होण्यास २००६ साल उजाडले. परंतु तेथील स्त्रियांची सुई थांबली नाही. २००२ साली त्यांच्या गोधड्यांचे ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे तिकिटांवर छापली.

दुःखातून शिवलेले वस्त्र कधी कधी घराच्या उंबरठ्याबाहेरही जाते. १९८० नंतरच्या दशकात एड्स या रोगाने अमेरिकेत हजारो माणसे दगावली. लोकांच्या मनातील भीतीमुळे कित्येकांचे अंत्यसंस्कारदेखील नीट झाले नाहीत. तेव्हा १९८७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात अशा मृतांच्या स्मरणार्थ एक प्रचंड गोधडी करण्याचे ठरले. एकेका माणसासाठी ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब असा तुकडा, म्हणजे जवळजवळ एका थडग्याएवढी जागा. असे आठ तुकडे एकत्र शिवले, की १२ फूट लांब-रुंद चौरस होतो. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात वॉशिंग्टन येथे ती प्रथम अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज त्यांची संख्या ५०,००० च्या आसपास असून त्यांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. ज्यांची नावे घेण्यास लोक कचरत होते, त्यांची नावे अशी उघड्या मैदानावर वाचली गेली.

महाराष्ट्रात तर गोधडी घरोघरीची आहे. कोठे तिला वाकळ म्हणतात, कोठे लेवा. आजीचे नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते. त्याचे लांबीत चार सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग दोन मीटरांहून थोडा अधिक होतो. हे चार भाग एकावर एक ठेवून शिवले, की एका माणसाचे पांघरूण तयार होते. वारंवार धुतल्याने जुने सुती कापड मऊ झालेले असते. म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटेही जुन्या लुगड्याचेच करतात. ज्या आजीने नातवंडाला पाहिले नाही, तिचे लुगडे अशा रीतीने त्याच्या अंगावर येते.

प्रिय माणसाच्या कपड्याला कात्री लावताना हात थरथरतो, हे खरे. आता हा सदरा पुन्हा सदरा होणार नाही, हे त्या क्षणी मनाला कळून चुकते. परंतु ट्रंकेत कोंडलेल्या कपड्याला कसर लागते, दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि एक दिवस तो हातातच विरतो. गोधडी मात्र रोज हाताळली जाते, उन्हात वाळते, धुतली जाते, आणि ज्याचा तो कपडा होता, त्याचे नावही घरात वरचेवर निघते. कोणता तुकडा कोणाचा, हे मुले विचारतात आणि मोठी माणसे सांगतात.

गोधडीही कायमची टिकत नाही. वापराने तीही विरते. पण ती टाकून देण्याची आवश्यकता नसते. जुन्या गोधडीच्या दोन्ही अंगांना दुसरी लुगडी लावून पुन्हा धावदोरा घातला, की ती नव्याने वापरात येते. आतले कापड मग डोळ्यांना दिसत नाही. तरी रात्री अंगावर जी ऊब येते, तिच्यात त्याचाही वाटा असतो.