निळ्या जर्सीतला नीलकंठ

दोस्तांनो, जपानचे फुटबॉल खेळाडू म्हटले की होंडा, कागावा अशी नावं पुढे येतात. इंटरनेटवर त्यांचे चाहते जगभर आहेत. पण अराता इझुमी हे नाव तुम्ही कधी ऐकलंय? जपानच्या राष्ट्रीय संघातून तो एकदाही खेळला नाही. तरी त्याचं नाव टाकून शोधा. निळ्या जर्सीतला एक खेळाडू दिसेल. जपानची जर्सीही निळीच असते म्हणा, पण ही जर्सी आहे भारताची!

अराताचा जन्म 1982 साली जपानमध्ये झाला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला. मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड. चाकणला ज्यांच्या गाड्या बनतात ना, त्याच महिंद्रांचा हा संघ. आणि 2009 पासून तो होता आपला शेजारी! कारण तो पुणे एफसीत आला, आणि या संघाचं घरचं मैदान म्हणजे बालेवाडी. वाकडहून मुळा नदी ओलांडली की आलंच की ते. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुणे एफसीने देशात दुसरा क्रमांक मिळवला.

अराताला भारताकडून खेळायचं होतं. पण त्यासाठी भारताचाच पासपोर्ट लागतो, आणि आपला कायदा एका वेळी दोन देशांचं नागरिकत्व देत नाही. म्हणजे जन्मभूमीचा पासपोर्ट सोडायचा! विचार करा, केवढा मोठा निर्णय. अराताने तो घेतला. 2012 मध्ये तो भारताचा नागरिक झाला, नीलकंठ खंभोळजा हे नाव घेतलं आणि 2013 मध्ये भारताकडून मैदानात उतरला.

पुढे काय झालं? 2015 नंतर पुणे एफसी बंद पडला. नंतर ज्या एफसी पुणे सिटीकडून अराता 2016 मध्ये खेळला, तोही 2019 मध्ये बंद झाला. अराता पुढे नवी मुंबईत मुलांना फुटबॉल शिकवू लागला. त्याचे जुने गोल आता पडद्यावर बघायचे. इंटरनेट आठवण जपून ठेवतं, हे खरंच. पण रिकाम्या मैदानाला ते पुरेसं नसतं, बरं का.

याचं उत्तर सुनील छेत्रीने दिलं. 1 जून 2018 ला मुंबईत भारताने चिनी तैपेईला 5-0 असं हरवलं. छेत्रीचे त्यात तीन गोल. आणि प्रेक्षक किती? अवघे 2569! दुसऱ्या दिवशी त्याने इंटरनेटवर एक छोटी चित्रफीत टाकली आणि लोकांना हात जोडून सांगितलं, टीका करायची तर करा, पण स्टेडियममध्ये या. 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. भर पावसात लोक आले आणि भारत 3-0 जिंकला.

तेव्हा मित्रांनो, मोबाईलवर आवडत्या खेळाडूला जरूर 'लाईक' द्या. पण या रविवारी आपल्या शाळेच्या किंवा कॉलनीच्या सामन्याला टाळ्या वाजवायलाही जा. तिथल्या खेळाडूचं नाव अजून कुणालाच माहीत नसेल. पहिला चाहता व्हायला काय हरकत आहे?