अर्थिंग असूनही शॉक का बसतो?

उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी ओतताना शॉक बसलेला रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा नातेवाईक चक्रावलेले असतात. ‘अर्थिंग तर होते!’ वीज सर्वांत सोप्या वाटेनेच जाते, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. वीज मिळतील त्या सर्व वाटांनी जाते. जिथे रोध जास्त तिथून कमी, इतकेच.

शाळेतले गणित इथे कामाला येते. हाताची त्वचा, शरीराचा आतला भाग, पायाची त्वचा आणि चप्पल हे रोध एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीत असतात. त्यांची बेरीज होते. एकट्या कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो; हात ओले आणि पाय अनवाणी असले, की सगळी बेरीज हजाराच्या आसपास येते. २३० व्होल्ट भागिले १००० ओहम, म्हणजे २३० मिलीअँपिअर. सुमारे १० मिलीअँपिअरपासूनच स्नायू आखडून हाताची पकड सुटेनाशी होते. ५० ते १०० च्या पुढे हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरू लागू शकते.

आता अर्थिंग. समजा, फेजची वायर कूलरच्या पत्र्याला लागली. पत्र्यापासून जमिनीपर्यंत दोन समांतर वाटा झाल्या : माणूस १००० ओहम, अर्थिंग अर्धा ओहम. गुणाकाराला बेरजेने भागले, की उत्तर जवळपास अर्धाच. अलीकडच्या वायरिंगचा अर्धा ओहम त्यात एकसर मिळवला, की एकूण १ ओहम आणि धारा २३० अँपिअर. पण पत्र्यावर ११५ व्होल्ट उरतातच, आणि माणसातून ११५ मिलीअँपिअर जातात! जीव वाचतो तो इतक्या मोठ्या धारेने एमसीबी क्षणात पडते म्हणून. फ्यूजमध्ये जाड तार घालणारे नेमके हेच संरक्षण काढून टाकतात.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून तिथला रोध ५० ओहम झाला तर? समांतर रोध ४७.६, एकूण ४८.१, धारा पाच अँपिअरहून कमी. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म राहते आणि माणसातून सव्वादोनशेहून अधिक मिलीअँपिअर वाहत राहतात.

आरसीसीबीचा हिशेब वेगळा. गेलेली आणि परतलेली धारा ती ताडून पाहते. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या तफावतीला वीज तोडते. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबावे. वीज गेली नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आणि कूलरमध्ये पाणी ओतण्याआधी प्लग काढावा.